सोमवारचं वरण

डाळ सकाळपासून उकळत होती. मारुतीच्या पारासमोर तीन दगडांची चूल मांडलेली, चुलीवर पितळेचा मोठा डेग, आणि डेगाभोवती सगळं गाव. माणसं वाकून आत बघत आणि मागं सरकत. डाव फिरवला की तुरीची डाळ बुडाला खडखड वाजायची, नदीतली रेती ढवळावी तशी.

गावात नव्यानं आलेल्या अन्नसिद्ध महाराजांनी चार दाणे उचलून सरपंच हणमंतरावांच्या तळहातावर ठेवले.

"दाबा."

हणमंतरावांनी अंगठ्यानं दाबलं. दाणा दबला नाही. निसटला आणि धुळीत पडला.

"चूल कवा पेटवली?" महाराजांनी विचारलं.

"ऊन पायरीवर आलं न्हवतं तवा," कुणीतरी सांगितलं.

"आता ऊन पायरी सोडून गेलं. डाळ हाय तशी हाय." महाराज उठून उभे राहिले. अंगानं सडपातळ, आवाज मात्र घसघशीत. "अन्न म्हंजे ब्रह्म. तुमचं ब्रह्म रुसलंय. कामून रुसलंय? तुमी धरतीच्या पोटात दोनशे फूट लोखंड घातलं. हापसा बसवला. धरतीला कळ आली. तिनं दात खाल्ले. तो दात पाण्यात उतरला, पाण्यातनं डाळीत उतरला. तुमी डाळ न्हाई शिजवून राहिले. तुमी धरतीचा दात शिजवून राहिले."

माझ्या शेजारी भामाबाई बसली होती. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. ती हळूच म्हणाली, "एवढे दात पाण्यातनं येऊलालेत, तर माझ्या तोंडात एखादा कामून बसंना?"

दोघी-तिघी हसल्या. जास्त हसायला कुणात त्राण नव्हतं.

महाराजांनी कमरेच्या बटव्यातून राखाडी अंगारा काढला, कपाळाला लावला, ओठ हलवले आणि चांगली मोठी चिमूट डेगात सोडली. फेस वर चढला. पाणी पिवळंधमक झालं. थोड्या वेळानं त्यांनी डाव फिरवला तेव्हा खडखड बंद झाली होती. आणखी थोड्या वेळानं डाळ मऊ शिजून गळून गेली. हणमंतरावांच्या तळहातावर त्यांनी परत चार दाणे ठेवले. ते दाबायच्या आधीच पसरले.

मी पुढंच बसले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. डाळ खरोखर शिजली होती. खोटं होतं ते फक्त कारण. पण भुकेल्या माणसाला कारण चाखून बघायची सवय नसते.

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष चाललं होतं. त्याआधी आमची कामं उस्मानाबादेत असायची. नवा जिल्हा झाला, औशाच्या रस्त्यानं नव्या जीपगाड्या फिरायला लागल्या, आणि पाऊस मात्र गेला. विहिरी एकेक करून बसल्या. शेवटी बोअरची गाडी आली, दोन दिवस घरघरली, आणि शाळेजवळ हापसा बसला. पाणी थोडं होतं, पण थंड आणि काचेसारखं निर्मळ. त्या पाण्याला नाव ठेवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या चन्नबसप्पाचं लग्न झालं. सून शरणम्मा उदगीरच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची. कामाला चलाख, बोलायला कमी. हापशाला पहिलं पाणी आलं तो दिवस आणि तिनं आमच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडलं तो दिवस एकच. गावानं ते ध्यानात ठेवलं. तेव्हा ध्यानात ठेवण्यासारखं दुसरं काही घडतच नव्हतं.

तेव्हापासून गावात डाळ शिजेना झाली. सरपण जळून जायचं, पाणी आटून जायचं, डाळ तशीच. रोजगार हमीच्या तलावावर दिवसभर माती वाहून आलेली माणसं कच्ची डाळ चावायची आणि न बोलता आडवी व्हायची. कुणी रागवायचंही नाही. दुष्काळात माणूस हळूहळू लाकडासारखा होतो. टोचलं तर कळतं, पण दुखत नाही.

फक्त आमच्या घरी एक वेगळं व्हायचं. सोमवारी वरण गळायचं.

आम्ही लिंगायत. महादेवाच्या देवळामागं एक जुना उथळ आड आहे. त्याच्या तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. पंचांनी ठरवलं होतं की हे पाणी देवाचं. दर सोमवारी आमच्या लोकांत घराला एक घागर, लिंगपूजेपुरती. बाकी सगळ्याला हापसा. दुसऱ्या घरांत ती घागर पूजेला आणि प्यायला संपायची. आमच्या घरची रीत निराळी, माझ्या सासूनं घालून दिलेली. सोमवारचा नैवेद्य पूजेच्याच पाण्यात शिजवायचा. तो घरातल्या थोरलीनंच शिजवायचा. आणि नव्या सुनेनं वर्ष भरेपर्यंत त्या घागरीला हात लावायचा नाही.

शरणम्मानं पहिल्याच सोमवारी सांगितलं होतं, "आमच्या माहेरी असं न्हाई, आत्या."

मी म्हणाले होते, "हे तुझं माहेर न्हाई."

तर सहा दिवस तिचा स्वयंपाक आणि डाळ खड्यासारखी. सोमवारी माझा स्वयंपाक आणि डाळ लोण्यासारखी. हे मी हापशावर सांगितलं. एकदा नाही, दर मंगळवारी सांगितलं. हाताला चव असते म्हणून सांगितलं. पुढं जे झालं त्यातली पहिली चिमूट माझ्या तोंडची आहे, महाराजांची नाही.

महाराज देवळाच्या ओवरीत राहिले. सकाळी बायका रांगेनं जायच्या, वाटीभर ज्वारी ठेवायच्या आणि आठ दिवसांची पुडी घेऊन यायच्या. घरोघरी डाळ शिजू लागली. दोन-चार लेकरांची तोंडं आली, कुणाच्या पोटात जळजळलं. महाराज म्हणाले, आतला मळ निघून राहिलाय.

तिसऱ्या आठवड्यात हणमंतरावांनी विचारलं, "महाराज, ही पुडी कुठवर घ्यायची?"

"मूळ निघंपर्यंत."

"मूळ कुठं हाय?"

महाराजांनी डोळे मिटले. डोळे मिटलेल्या माणसाला जरा जास्त ऐकू येतं. गर्दीतून कुणीतरी माझ्या मालकांचं नाव घेतलं, "माणिकप्पाच्या घरी सोमवारी बिनअंगाऱ्याची शिजती म्हणं." दुसरा म्हणाला, "सासूच्या हातानं शिजती. सुनंच्या हातानं न्हाई." तिसरा म्हणाला, "सून आली त्याच दिशी हापसा आला."

महाराजांनी डोळे उघडले. "मला एक घर दिसून राहिलंय," ते म्हणाले. "त्या घरात एक हात गोड हाय आन एक हात कडू हाय."

"दिसंल न्हाई तर काय," भामाबाई पुटपुटली. "आत्ताच तर समद्यांनी दाखवलं."

पण ती पुटपुटली. मोठ्यानं बोलली नाही. मीही काही बोलले नाही. मला गोड हाताची म्हणाले होते ना.

महाराजांनी निकाल दिला. पोरगी धरतीचा दात घेऊन आली आहे. अवसेचा दिवस मावळायच्या आत ती शिवेपार गेली पाहिजे. नाही गेली तर अंगाऱ्याचं बळ जाईल, आणि मग हापसाही आटेल.

डाळीपर्यंत ठीक होतं. हापशाचं नाव निघालं तेव्हा बायकांनी लेकरं जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी हणमंतराव चार माणसं घेऊन आमच्या ओट्यावर बसले. "वहिनी, आमचा तुमच्या सुनंवर राग न्हाई," ते म्हणाले. "पोरगी गुणाची हाय. पन एकीपायी हापसा गेला तर लेकरं कुठं न्यायची? तुमीच सांगा."

माझे मालक माणिकप्पा खाली बघत होते. चन्नबसप्पा खांबाला टेकून उभा होता. तो तलावावरून आला होता, पायांवर माती वाळलेली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "अवसंला सकाळच्या गाडीनं पाठवू."

असं म्हणताना मला वाईट वाटलं असेल असं आता वाटतं. तेव्हा काही वाटलं नाही. दळणाचं सांगावं तसं मी ते सांगितलं.

शरणम्मा आत ऐकत होती. रात्रीच्या भाकरीला ती चुलीपुढं बसली. मग परातीत पीठ सारखं करत म्हणाली, "आत्या, मी जाते. माझ्या मागं धाकटी बहीण हाय, परतलेल्या पोरीच्या बहिणीला कोन करून घेत न्हाई, ते बी जाऊ द्या. एवढंच सांगा. माझं काय चुकलं? मी डाळ धुती तशीच तुमी धुता. मी बघून बघून शिकले."

मी म्हणाले, "भाकर करपंल, उलट."

तिनं उलटली. दुसऱ्या दिवशी तिची पत्र्याची पेटी भरून ओट्यावर आली.

अवस मंगळवारी होती. शनिवारी दुपारी मी शाळेत गेले. तिथं व्हरांड्यात बायकांचा प्रौढ वर्ग भरायचा. पन्नाशी ओलांडल्यावर मी पाटी धरली होती, आणि जोडाक्षरं सोडली तर बरंच वाचता यायला लागलं होतं. त्या दिवशी शिकायला गेले नव्हते. घरात बसवत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं, म्हणून गेले.

वर्ग घ्यायचे मारोती गायकवाड सर. हायस्कूलच्या पोरांना विज्ञान शिकवायचे. अहमदपूरकडचे, बौद्ध घरातले. आमच्या गल्लीत त्यांना ओट्यापर्यंतच बोलावत. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही, आणि त्यावर कुणी कधी बोलत नसे.

सर हापशावर हात धुत होते. मला म्हणाले, "मावशी, बघा. साबण झिजून गेला पण फेस नाही. दह्यासारखं फाटतंय."

मी म्हणाले, "पाणी चांगलं हाय की. आमच्या सुनेच्या पायगुणानं सगळं फाटूलालंय." आणि मग सगळं सांगून टाकलं. महाराज, कडू हात, मंगळवारची गाडी.

सरांनी हात झटकले. "सोमवारी तुम्ही शिजवता?"

"हाव."

"पाणी कुठलं?"

"देवाचं. आडाचं."

"आणि मंगळवारी सून शिजवते. पाणी कुठलं?"

"हापशाचं."

"ती कधी आडाच्या पाण्यात शिजवते?"

"तिला वर्षभर हात लावता येत न्हाई."

"तुम्ही कधी हापशाच्या पाण्यात?"

मी आठवून पाहिलं. सून आल्यापासून एकदाही नाही.

सर म्हणाले, "मावशी, तुम्ही सोमवारी दोन गोष्टी बदलता. हात बदलता आणि पाणी बदलता. दोष मात्र एकट्या हाताला दिला."

मी तिथंच हापशाच्या कट्ट्यावर बसले. मला ते लगेच कळलं. चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेल्या बाईला ते कळायला पुस्तक लागत नाही. हरभरा शिजत नसेल तर चिमूटभर खायचा सोडा टाकतात हेही मला माहीत होतं. पण आमच्याकडची तूर. तिला कधी सोडा लागला नव्हता, म्हणून सुचलं नाही. सुचलं असतं तरी, गोड हात कोण सोडून देतं?

"माझं एकटीचं गाव ऐकायचं न्हाई," मी म्हणाले. "तुमी दाखवा."

"दाखवतो. पण शिजवणार तुम्ही दोघी. मी डाळीला हात लावला तर ती शिजूनही लोक म्हणतील बाटली." हे त्यांनी पावसापाण्याचं बोलावं तसं सांगितलं.

त्या सोमवारी मी नैवेद्य शिजवला नाही. दूध-साखर दाखवली आणि घागर झाकून ठेवली. मालक कोरडी भाकर खाऊन उठले.

मंगळवारी सकाळी पारासमोर चार चुली पेटल्या. पेटी ओट्यावरून उचलून चन्नबसप्पानं तिथंच आणून ठेवली होती, कारण गाडी दुपारची घ्यायचं ठरलं. गाव जमलं. महाराज पारावर बसून होते.

"देवाच्या कामात परीक्षा?" ते म्हणाले. "गुरुजी, आगीशी खेळून राहिले तुमी."

"तुमच्या अंगाऱ्यानं डाळ शिजते हे मीही मान्य करतो, महाराज," सर म्हणाले. "मला फक्त कामून शिजते ते बघायचंय. तुम्हाला ठाऊक असेल तर आत्ताच सांगा, चुली विझवू."

महाराजांनी आभाळाकडं बोट केलं. तिथं काही नव्हतं, ढगसुद्धा नाही.

चार पातेली सारखी. डाळ एकाच पोत्यातली, चारींत एकाच वाटीनं मोजून. सरांनी मला खडू दिला आणि झाकणांवर लिहायला सांगितलं. दोन झाकणांवर मी 'हापसा' लिहिलं, दोनांवर 'आड'. आडातला ड मी उलटा काढला. सरांनी पाहिलं आणि तसाच राहू दिला. एक हापशाचं आणि एक आडाचं पातेलं शरणम्माचं. एक हापशाचं आणि एक आडाचं माझं.

आडाच्या पाण्याची घागर मी घरून आणली होती. शरणम्मा तिच्या पातेल्यापाशी आली आणि थांबली. "आत्या, हात लावू?"

सगळं गाव बघत होतं. मी तांब्या बुडवून माझ्या हातानं तिच्या पातेल्यात पाणी ओतलं. एवढंच मला जमलं.

डाळ उकळत होती तोवर सरांनी शाळेतल्या दोन बाटल्या काढल्या. एकीत हापशाचं पाणी, एकीत आडाचं. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस. हणमंतरावांना म्हणाले, "हलवा." आडाच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत आला. हापशाच्या बाटलीत पांढरा साका धरला आणि फेस म्हणून दोन बुडबुडे.

"साबणाला बी सुनंचा हात लागला का?" भामाबाईनं विचारलं. ह्या वेळी मोठ्यानं विचारलं.

मग मी झाकणं काढली.

शरणम्माचं आडाचं पातेलं: डाळ गळालेली. माझं आडाचं: गळालेली. शरणम्माचं हापशाचं: खडे. चौथं माझं होतं. मी डाव घातला. खडखड वाजलं. मी दोन दाणे काढून हातावर घेतले, फुंकले आणि दाबले. ते दबले नाहीत. परत दाबले. चाळीस वर्षांचा माझा हात, आणि दाणा निसटून मातीत पडला.

"नागम्मा," भामाबाई म्हणाली, "तुझा बी हात कडू झाला की गं."

कुणी हसलं नाही.

महाराज मात्र तयारीचे होते. ते पारावरून खाली उतरले. "बरं झालं. हाताचा दोष न्हाई, पान्याचा हाय, हे मीच म्हणत होतो. धरतीचा दात पान्यात हाय. आन त्या पान्याला बरं करनारा अंगारा माझाच हाय ना?"

लोकांच्या माना हलल्या. ते बरोबर होतं.

सर म्हणाले, "एक पुडी द्या."

महाराज देईनात. हणमंतरावांनी घरून आपली पुडी मागवली. सरांनी ती तांब्याभर आडाच्या पाण्यात ढवळली आणि दुहेरी धोतराच्या फडक्यातून गाळली. फडक्यावर काळपट गाळ राहिला. तो त्यांनी फिरवून दाखवला. "ही राख. चुलीतली. पाण्यात विरघळली नाही म्हणून वर राहिली. आता जे विरघळून खाली गेलं ते बघू." गाळलेलं नितळ पाणी त्यांनी लोखंडी पळीत घेऊन चुलीवर धरलं, परत परत ओतून आटवलं. पाणी उडून गेलं. पळीच्या तळाला पांढरी खपली धरली.

किराणा दुकानदार गुरुबसप्पा वाकून बघत होता. तो म्हणाला, "सर, हा तर धुण्याचा सोडा दिसतोय."

"दिसतो सारखा म्हणून सारखा मानू नका," सर म्हणाले. "तुमच्या दुकानातला आणा. दोघांना सारखंच वागवून बघू."

गुरुबसप्पानं सोडा आणला. जाता जाता महाराजांना म्हणाला, "माझ्याकडनं नेला असता तर मला तवाच कळलं असतं, महाराज."

दोन्हींवर चिंचेचं पाणी टाकलं. दोन्ही फसफसले. दोन्ही थोडे थोडे हापशाच्या नितळ पाण्यात टाकले. दोन्ही बाटल्या दुधाळ झाल्या आणि तळाला पांढरं बसायला लागलं. मग सरांनी मला दुकानातल्या सोड्याची चिमूट दिली. मी ती माझ्या हापशाच्या पातेल्यात टाकली. मंत्र म्हटला नाही. थोड्या वेळानं माझी डाळ गळाली.

सरांनी सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत लिहिते. त्यांनी ते नंतर मला वहीत लिहूनही दिलं होतं. खोल खडकातून येताना पाणी दगडातला चुन्याचा अंश उचलून आणतं. त्याला कॅल्शियम म्हणतात. ते विरघळलेलं असतं, म्हणून पाणी काचेसारखं दिसतं. निर्मळ दिसणं आणि साधं असणं ह्या दोन गोष्टी आहेत. डाळीच्या दाण्यात कणांना जोडून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो. उकळल्यावर तो सैल होतो आणि डाळ गळते. कॅल्शियम त्याला घट्ट धरून ठेवतं, सैल होऊ देत नाही. साबणालाही तेच धरतं आणि त्याचा साका होतो. अशा पाण्याला पुस्तकात दुष्फेन म्हणतात, म्हणजे फेस न होणारं. सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. पाण्यात टाकला की जोडीदार बदलतात: कार्बोनेट कॅल्शियमला जाऊन मिळतं, दोघं मिळून न विरघळणारी पांढरी भुकटी होते आणि तळाला बसते. मागं राहिलेलं सोडियम डाळीला अडवत नाही. उथळ आडात वरच्या पावसाचं पाणी मुरलेलं, त्यात कॅल्शियम कमी, म्हणून तिथं सोड्याची गरजच नाही. धरतीचा दात तो एवढाच.

"पण धुण्याचा सोडा पोटात घालायचा नसतो," सर म्हणाले. "लेकरांची तोंडं त्यानंच आली. नडलंच तर खायचा सोडा, नखाएवढा. त्यापेक्षा आडाचं थोडं पाणी डाळीपुरतं वाटून घ्या."

हणमंतरावांनी पळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "म्हंजे आता सुनंला पाठवायचं का न्हाई?"

"तिला कशाला? हापशाला पाठवता येत असलं तर बघा," सर म्हणाले.

महाराजांना कुणी मारलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. तेवढा जोर उरला नव्हता. त्यांनी बटवा बांधला, गावाच्या पापानं अंगारा बाटला असं काहीतरी म्हणाले आणि औशाच्या रस्त्याला लागले. आणि हे सांगायला हवं की दोघी-तिघींनी त्यांना वाटेत गाठून शेवटच्या पुड्या मागून घेतल्या. मी बघत होते.

चन्नबसप्पानं पेटी उचलून परत घरी आणली. शरणम्मा मागून आली, पदर खोचला आणि चुलीपुढं बसली. तिनं पेटी मात्र उघडली नाही. रोज त्यातलं एक लुगडं काढायची, धुऊन वाळवून परत त्यातच ठेवायची.

पंचांनी त्या आठवड्यात आडाचं पाणी घागरीमागं एक तांब्या डाळीसाठी मोकळं केलं, गावातल्या सगळ्या घरांना. गायकवाड सर राहायचे त्या बौद्ध वस्तीतल्या घरांनाही द्यायचं का ह्यावर दोन बैठका झाल्या. शेवटी दिलं. कॅल्शियम सगळ्यांच्या डाळीला सारखंच धरतं, असं सर म्हणाले होते.

पुढच्या सोमवारी मी घागर आणली आणि चुलीपाशी तिच्यापुढं ठेवली. म्हणाले, "आजचं वरण तू शिजव."

तिनं घागरीकडं पाहिलं. हात मांडीवरच राहिले.

"न्हाई, आत्या," ती म्हणाली. "वर्ष भरू द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझीच रीत ती माझ्यापुढं ठेवत होती, ताटात वाढावं तसं. मी घागर परत देवापाशी नेली नाही. दर सोमवारी वरण मीच शिजवायची, पण घागर तिथंच ठेवायची, तिच्या आणि माझ्या मधे, आठ महिने. वर्ष भरलं त्या सोमवारी तिनं न सांगता तांब्या बुडवला. डाळ शिजली. आम्ही दोघी जेवलो. त्या दिवशी पेटी रिकामी झाली.

आता मला लिहिता येतं, म्हणून एवढंच लिहिते. तुमच्या घरी काही बिघडलं आणि कुणा माणसाकडं बोट जाऊ लागलं, तर थोडं थांबा. हात तोच ठेवा आणि पाणी बदलून बघा. मग पाणी तेच ठेवा आणि हात बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. ह्याला महाराज लागत नाही, दोन पातेली लागतात. आम्ही ती चार महिने घरात असून चुलीवर ठेवली नाहीत, आणि एका पोरीची पेटी ओट्यावर आणून ठेवली.